कोऱ्या कपाळांची पाचवी

माझ्या सासूबाईंनी तीन कुंच्या शिवायला घेतल्या, तेव्हा आमच्या घरात कुंची घालायच्या वयाचं कुणीच नव्हतं. लेक शाळेत जायला लागली होती आणि डोक्यावर साधी टोपीसुद्धा ठेवून घेत नव्हती. शेजारीपाजारी कुठे पाळणा हलणार असल्याचंही माझ्या कानावर नव्हतं. बेळगावची डिसेंबरातली थंडी पडली होती. सासूबाई गच्चीवर उन्हाला बसून, खडेबाजारातून आणलेल्या खणाच्या तुकड्यांना मऊ अस्तर लावत होत्या. सुई त्यांच्या हातात एका जागी राहत नव्हती.

"कुणासाठी ओ आत्या?" मी विचारलं. सासूबाईंना मी आत्या म्हणते.

"आपल्याच पोरांसाठी की. दवाखान्यात ठेवलीत न्हवं ती तिघं? लई थंडीत ठेवलीत म्हणं."

हसावं की कपाळ बडवून घ्यावं, ते मला कळेना. मी कपडे वाळत घालायला आले होते, ते घातले आणि खाली निघून गेले.

ती तिघं म्हणजे कोण, ते सांगते. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी आम्हाला मूल होत नव्हतं. शेवटी बेळगावातल्याच एका दवाखान्यात उपचार घेतले. शरीराबाहेर, काचेच्या बशीत आमचे भ्रूण तयार झाले आणि त्यातले चार चांगले निघाले. त्यातला एक डॉक्टरीणबाईंनी माझ्या पोटात ठेवला, तो रुजला, ती आमची लेक. उरलेले तीन पाचव्या दिवशी गोठवून टाकीत ठेवले. पुढेमागे दुसरं मूल हवंसं वाटलं तर असावेत म्हणून. हे सासूबाईंना सांगायची काही गरज नव्हती. पण लेक झाली त्या दिवशी माझ्या नवऱ्याच्या जिभेला हाड राहिलं नाही. "आई, अजून तीन हाईत शिल्लक!" असं तो दवाखान्याच्या जिन्यात ओरडून सांगत होता.

तेव्हापासून सासूबाईंना चार नातवंडं. एक घरात आणि तीन होस्टेलवर. थंडी पडली की त्या चौकशी करायच्या. लाइट गेली तर टाकीचं काय होतं, हे त्यांनी मला इतक्यांदा विचारलं होतं की पुढे पुढे लाइट गेली की मलाही टाकी आठवायची. टाकी विजेवर चालत नाही, हे मी त्यांना प्रत्येक वेळी सांगितलं. त्या प्रत्येक वेळी "बरं" म्हणाल्या.

मी एका पीयू कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीला, जीवशास्त्र शिकवते. दरवर्षी दुसऱ्या वर्षाच्या मुलांमध्ये मी एक वाद लावून देते: मूळपेशींसाठी मानवी भ्रूण वापरावेत की नाही? मूळपेशी म्हणजे पुढे आपण काय व्हायचं ते अजून न ठरलेल्या पेशी. त्यांच्यापासून हृदयाची, मेंदूची, कातडीची, हवी ती पेशी घडवता येते, म्हणून संशोधकांना त्यांचं एवढं मोल. पण त्या काढून घेतल्या की भ्रूण उरत नाही. मुलं तावातावाने भांडतात, अर्धी मराठीत, अर्धी कन्नडमध्ये, आणि फारच चिडली की इंग्रजीत. एक मुलगी हमखास उठून म्हणते, "मिस, जीव तो जीव." मागच्या बाकावरून उत्तर येतं, "मग टाकीतच कुजू द्यायचे का?" कुणाचा तरी मामा झाडावरून पडून अंथरुणाला खिळलेला असतो, त्याचाही विषय निघतो. शेवटी मी फळ्यावर खडूने एक ठिपका काढते आणि म्हणते, "भ्रूण भ्रूण म्हणताय तो ह्या ठिपक्याहूनही लहान असतो." त्यावर मुलं वह्या मिटतात. मला वाटायचं, मुद्दा पटला. आता वाटतं, घंटा व्हायची वेळ झालेली असावी.

त्या हिवाळ्यात डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बोलावून घेतलं. माझं वय झालं होतं, पहिल्या बाळंतपणात रक्तदाबाने मला पार हैराण केलं होतं, दुसऱ्याचा विचार नको, हे त्यांनी आधीच सांगितलेलं. आता टाकीतल्या तिघांचं काय ते ठरवा, म्हणाल्या. अजून काही वर्षं ठेवता येतील, नाहीतर नष्ट होऊ देता येतील, नाहीतर तुमची संमती असेल तर बेंगळुरूच्या एका प्रयोगशाळेला संशोधनासाठी देता येतील. मूल नसलेल्या दुसऱ्या जोडप्याला देता येतील का, हे माझ्या नवऱ्याने विचारलं. तशी परवानगी आता नाही, असं त्या म्हणाल्या.

"संशोधनाला," मी तिथल्या तिथे सांगितलं. मी नाही सांगणार तर कोण सांगणार?

संमतीपत्र घरी आणलं आणि सही करायची राहून गेली. आज पेपर तपासायचे म्हणून, उद्या लेकीचं स्नेहसंमेलन म्हणून. बेळगुंदीहून माझे वडील रताळ्यांचं पोतं घेऊन आले, ती वाटायला हवीत म्हणून. नवऱ्याने त्याची सही पहिल्याच दिवशी करून टाकली होती. मी विचारलं, "तुला काहीच वाटत नाही?" तो म्हणाला, "तू म्हणशील ते." ह्या वाक्यावर माझं डोकं जेवढं फिरतं तेवढं दुसऱ्या कशावरही फिरत नाही. फौंड्रीत दिवसभर तापलेल्या लोखंडाशी बोलणारा माणूस घरी आल्यावर असा थंड कसा असू शकतो, यावर मी त्याला पुष्कळ ऐकवलं. तो लेकीच्या वह्यांना कव्हर घालत ऐकत राहिला.

आता सासूबाईंच्या हातांबद्दल सांगायला हवं. निपाणीत त्यांचा जन्म विड्या वळण्यात गेला. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं, आणि दहाही बोटं चाललेली. त्यावर त्यांनी एकटीने मुलाला इंजिनिअर केलं. मुलगा शाळेत असतानाच रात्रीच्या साक्षरता वर्गाला जाऊन त्या सही करायला शिकल्या होत्या. ती सही म्हणजे त्यांचा दागिना. लेकीच्या शाळेच्या डायरीवर पालक म्हणून सही करायची तर घरात पहिला मान त्यांचा.

मग त्यांना कंपवात झाला. आधी बशीतला चहा सांडायला लागला, नंतर सुईत दोरा जाईना. गोळ्यांनी थोडं आवरलं, पण थरथर गेली नाही. एकदा पेन्शनसाठी मी त्यांच्याबरोबर बँकेत गेले होते. त्यांनी सही केली. काउंटरवरच्या मुलाने ती जुन्या सहीशी ताडून बघितली, मान हलवली. सासूबाईंनी पुन्हा केली, ती आणखी वाकडी आली. तो मुलगा वाईट नव्हता. त्याने शाईचा पॅड पुढे सरकवला आणि हळूच म्हणाला, "हेब्बेट्टु हाकी, अम्मा." अंगठा लावा. सासूबाईंना कन्नड चांगलं येतं. त्यांनी अंगठा लावला, पदराला पुसला, आणि रिक्षात बसल्यावर मला तोंड दिसू नये म्हणून बाहेर बघत राहिल्या. मला त्या दिवशी सगळ्या जगाचा राग आला होता.

म्हणून कुंच्या शिवून झाल्या त्या संध्याकाळी मी त्यांना नीट समजवायला बसले. "आत्या, ती पोरं न्हाईत. पेशी हाईत. तुमच्या मेंदूतल्या काही पेशी मेल्यात म्हणून हात थरथरत्यात. तसल्या पेशी ह्यातनं तयार करता येत्यात का, ते लोक बघायलेत. हे दिलं तर कधीतरी असले हात बरे व्हतील."

सासूबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग ताडकन उठल्या.

"माझ्या हातापायी माझी नातवंडं कापायची व्हय गं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पिशवी भरून निपाणीला निघून गेल्या. मुलगा बसस्टँडवर सोडायला गेला तर त्याच्याशीही बोलल्या नाहीत. कुंच्या बरोबर घेऊन गेल्या.

रविवारी मी त्यांना आणायला गेले. संकेश्वर मागे पडेपर्यंत मनात भांडण तयार केलं होतं, मुद्देसूद, उदाहरणांसह. त्यांच्या गल्लीत वळले तर उंबऱ्याबाहेर त्या त्यांच्या दोन जुन्या मैत्रिणींबरोबर बसलेल्या. मैत्रिणी अजून विड्या वळतात. सासूबाई नुसत्याच पानं सारखी करून देत होत्या. पाणी पिऊन होतं न होतं तोच जाड भिंगांचा चष्मा घातलेल्या मैत्रिणीने मला धरलं.

"काय गं मास्तरीणबाई, पोरं इकाय काढलीस म्हणं?"

"विकत न्हाय ओ काकू. त्याचे पैसे कोण देत न्हाय."

"मग फुकटच?" असं म्हणून त्यांनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी मान फिरवली. पैसे मिळत असते तर निदान काही कारण तरी होतं, असा एकूण सूर दिसला.

मग तिथे जे झालं, ते माझ्या वर्गात इतक्या वर्षांत झालं नव्हतं. चष्मेवाल्या काकूंचं म्हणणं, जीव धरला तो धरला, त्याला लहानमोठं नसतं. मी म्हटलं, पोटात ठेवल्याशिवाय तो वाढतच नाही, टाकीत हजार वर्षं ठेवला तरी. त्या म्हणाल्या, "बी पेरलं न्हाय म्हणून बी नव्हं व्हय?" दुसरी मैत्रीण आतापर्यंत मान वर न करता वळतच होती. तिने सुपाकडेच बघत विचारलं, "किती दिवसाची हाईत?"

"पाच दिवसांची."

तिचे हात थांबले. "पाचव्या दिशी थंडीत घातली? सकाळी का रातीला?"

"दुपारी. रात्री तिथं कोण नसतं."

"मग सटवी आलीच न्हाय की गं," ती सासूबाईंना म्हणाली. "ती रातीला येती."

बाळ पाच दिवसांचं झालं की त्या रात्री सटवाई येऊन त्याच्या कपाळावर नशीब लिहून जाते, अशी आमच्याकडे समजूत. म्हणून पाचवी पुजायची आणि तिच्यासाठी कोरा कागद आणि पेन ठेवायचं. माझ्या लेकीचीही पुजली होती. हे पाच दिवस जन्मानंतरचे, बशीतले नव्हेत, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण सासूबाईंनी तोंडावर हात ठेवला होता आणि डोळे मोठे केले होते.

"म्हंजे तिघांचीबी कपाळं कोरी?" त्या म्हणाल्या.

मी तोंड मिटलं. हसू येत होतं, ते आलं नाही. माझ्या पुस्तकातल्या मोठमोठ्या लोकांनीही अशीच एक रेघ ओढलेली आहे. चौदाव्या दिवसापर्यंत भ्रूण प्रयोगशाळेत वाढवावा, त्यापुढे नाही. ती रेघ का, हे मी मुलांना अगदी छान समजावून सांगते. पण ती माणसांनीच कुठेतरी ओढावी लागली म्हणून ओढली, हे मलाही ठाऊक आहे. निपाणीच्या गल्लीतली रेघ पाचव्या रात्रीवर होती, एवढाच फरक.

"कोरं हाय म्हणून काय झालं?" चष्मेवाल्या काकू काही हटल्या नाहीत. "पोरगं पोरगंच." त्यांचं मत आजही तेच आहे. भेटल्या की मला ऐकवतात आणि ऐकवून झालं की चहा देतात.

संध्याकाळच्या बसची वाट बघत आम्ही दोघी स्टँडवर बसलो होतो. कोल्हापूरच्या गाड्या एकामागून एक जात होत्या, बेळगावची येत नव्हती. सासूबाई म्हणाल्या, "खरं सांग. माझा हात बरा व्हईल त्यानं?"

हो म्हटलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण त्या बाईशी खोटं बोलणं मला कधी जमलेलं नाही.

"न्हाय आत्या. तुमच्यापत्तुर पोचायचं न्हाय ते. लई वर्षं लागतील. कदाचित कुणालाच उपयोग व्हणार न्हाय."

"मग कुणासाठी द्यायचं?"

"ठावं न्हाय. कुणाच्या तरी सासूसाठी."

त्यांनी मांडीवरचे हात उलटेसुलटे करून पाहिले.

"एक सांगू?" त्या म्हणाल्या. "त्या दिशी तू हात बरा व्हईल म्हणालीस, तवा मला मोह पडला गं. घटकाभर वाटलं, घेऊ देत की, माझी सही तर परत येईल. आणि मग मलाच माझी भीती वाटली. आजी हाय का कोण हाय मी? तुझा राग न्हवता आला."

मी त्यांचा हात धरला. तो माझ्या हातातही हलत राहिला.

"आणि तू गं?" त्या म्हणाल्या. "तुझ्या लेखी ठिपका न्हवं त्यो? मग तुझी सही का व्हईना?"

त्यांना कसं कळलं, कोण जाणे. बहुतेक त्यांच्या लाडक्या इंजिनिअरने सांगितलं असणार. मी म्हटलं, "लेकबी तसाच ठिपका हुती की ओ आत्या. चौघं सारखीच हुती. डॉक्टरीणबाईंनी त्यातला एक उचलला. दुसरा उचलला असता तर आपली चिमणी आता टाकीत असती." आणि स्टँडवर, शेंगावाल्यासमोर, मला रडू फुटलं. इतकी वर्षं फळ्यावर ठिपके काढले, पण हे मी कुणाजवळ बोलले नव्हते. स्वतःशीही नाही.

सासूबाईंनी मला रडू दिलं. बस आली तेव्हा म्हणाल्या, "चल. पाचवी पुजूया त्यांची. मग काय करायचं ते करू."

एरवी मी भांडले असते. त्या दिवशी "बरं" म्हणाले, अगदी त्यांच्यासारखं.

मिक्सर आल्यापासून गॅलरीत पडून असलेला पाटा नवऱ्याने धुऊन आत आणला. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला सासूबाईंनी त्यावर हळदकुंकू वाहिलं, तांदळाचे तीन छोटे ढीग घातले, प्रत्येकापुढे एक कुंची ठेवली. टाके सगळे वाकडेतिकडे, पण कुंच्या देखण्या झाल्या होत्या. शेजारी कोरा कागद आणि माझं पेपर तपासायचं पेन. लेकीने विचारलं, "कुणाची पाचवी?" सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. नवऱ्यानेही पाहिलं. "पेशींची" हा शब्द माझ्या ओठावर होता. मी म्हटलं, "तुझ्याबरोबरच्यांची." लेकीला हे उत्तर पुरलं. तिने तिघांपुढे एकेक पेढा ठेवला आणि थोड्या वेळाने तिन्ही स्वतःच खाऊन टाकले. नवरा पाट्यापुढे वाकून नमस्कार करायला म्हणून बसला तो लवकर उठलाच नाही. उठला तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते. त्याला थंड म्हटलेलं मी मनातल्या मनात परत घेतलं.

सकाळी चहा व्हायच्या आत सासूबाई कागद घेऊन स्वयंपाकघरात आल्या. दोन्ही बाजू मला दाखवल्या.

"बघ. कोराच हाय. तिला न्हाय लिवायचं ह्यांचं. आता आपण लिवायचं."

"काय लिहू?"

"कुणाचा तरी हात थांबू दे, आसं लिव."

मी ओट्यावर कागद ठेवून लिहिलं. तिघांसाठी तीनदा लिहिलं, कारण एकदा लिहून त्या ऐकणार नव्हत्या. मग मी संमतीपत्र आणलं. सासूबाईंनी तेच पेन माझ्यापुढे धरलं. ते त्यांच्या हातात इतकं हलत होतं की मला दोन्ही हातांनी धरून घ्यावं लागलं. मी जिथे करायची तिथे सही केली. आयुष्यात हजारो वेळा केलेली सही, डोळे मिटूनही नीट येणारी.

सासूबाईंनी वाकून ती बघितली. बोट लावून बघितली. मग माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "माझ्यावाणी आलीया की गं."